आतला खिसा

दि. १४ मार्च

दादा,

नमस्कार. तू आणि वहिनी खुशाल असाल. मी ठीक. मनगट अधूनमधून आखडतं, पण शिलाई मशीन चालू आहे. हातानं लिहायची सवय गेली, अक्षराला हसू नकोस. तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही; हा पत्ता जुन्या पार्सलवरून उतरवला.

एक काम आहे. अण्णांचं ईमेल उघडत नाही. पासवर्ड तूच ठेवलेला, अजून तोच आहे. पण तो टाकला की फोनवरचा कोड मागतं, आणि अण्णांचा फोन नाही. त्यांचं सिम पुन्हा मिळेल का विचारायला मोबाइल कंपनीच्या दुकानात गेले, तर तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या." मी म्हटलं, "आणते हं," आणि बाहेर पायरीवर बसून रडले.

आता सांगायलाच हवं. अण्णा गेले. तीन आठवडे झाले. दुकानातच, काज करता करता, सुई बोटांत तशीच. अंगातला शर्ट त्यांनी स्वतः शिवलेला, म्हणून "तो बदलू नका" असं मीच सगळ्यांना बजावलं. फोन हरवतो म्हणून त्यांनी त्या शर्टाला आतून चोरखिसा लावला होता. खिशाचं कापड मीच बेतून दिलं होतं, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. स्मशानातून घरी येऊन फोन शोधायला रिंग दिली, ती लागलीच नाही. तेव्हा उमगलं, तो त्यांच्याबरोबरच जळून गेला.

तुला कळवलं नाही, कारण तू आला असतास आणि विचारलं असतंस, त्यांनी मला एका ओळीचंही उत्तर का दिलं नाही?

दिलं होतं, दादा. तुझी मेल आली की मी वाचून दाखवायचे. ते सांगायचे, मी त्यांच्याच फोनवर टाइप करायचे. शेवटी नेहमी तेच, "जेवणाची आबाळ करू नकोस." मग विचारायचे, "गेलं का गं?" मी म्हणायचे, "गेलं." एकही पाठवलं नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तू आला नाहीस. तिचं सगळं मी केलं, अण्णांचंही मीच करत होते, आणि त्यांचा जीव मात्र तुझ्यात अडकलेला. मला ते सहन झालं नाही. शेवटी तू लिहिलंस, "अण्णा, शिव्या द्या, पण लिहा." तेवढी मेल मी त्यांना वाचून दाखवली नाही. नंतर तू लिहायचा थांबलास. "कामात असेल," अण्णा म्हणायचे.

खरं सांगते, मला खातं उघडायचं होतं ते ती पत्रं पुसायला. खूप खटपट केली. मग स्क्रीनवर दुसरा मार्ग आला: कोड एका पत्त्यावर पाठवू. पहिली दोन अक्षरं, पुढे नुसत्या फुल्या. पत्ता तुझा. खातं काढून देताना तूच घातलेला. मी बटण दाबलं नाही. कुलूप तसंच राहिलं असतं तर तुला कधीच काही कळलं नसतं. दोन दिवस मी तोच विचार करत होते.

कोड मला कळवू नकोस. तूच बटण दाब आणि आत जा. कोड आला की दहा मिनिटंच चालतो, तेवढी घाई कर. डावीकडे 'मसुदे' आहेत, त्यात एकतीस पत्रं. पहिल्यापासून वाच. टायपिंगच्या चुका माझ्या, शब्द त्यांचे. एकही बदललेला नाही; तेवढं एक मी नीट केलं.

मला उत्तर लिहायची घाई नको. वाट बघणं काय असतं ते मलाही कळू दे.

तुम्हा दोघांच्या मध्ये बसलेली,
धाकटी