काळी चार की पांढरी तीन?

३ फेब्रुवारी, मंगळवार

आला! वरचा सूर आला! गळ्याच्या ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी आज आमचं हळदीचं गाणं मी अख्खं गायले. कमलेश कीबोर्डवर, बोटं काळी चारवर — माझी नेहमीची पट्टी. शेवटची ओळ चढली आणि आवाज फाटला नाही. डॉक्टर म्हणालेले, "गाणं? बघू." घ्या, बघा आता!

चुलतबहीण रुपालीची हळद चौदाला, इथेच मोहन्यात, दारात मांडव. ती म्हणालेली, "ताई, तू नाय गायलीस तर मी हळदीला बसणारच नाय." बस बाई, खुशाल बस.

५ फेब्रुवारी

कमलेशचं तोंड का उतरलंय? सख्ख्या भावाला आनंद नको व्हायला?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी घरी कोणी नव्हतं. माळ्यावरची पेटी काढली. काळी चार धरली, गायला गेले — फाटला. पुन्हा धरली. पुन्हा फाटला. घशातून नुसती हवा.

संध्याकाळी कीबोर्डपाशी गेले. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक आकडा — उणे चार. बोटं काळी चारवर, आवाज पांढरी तीनचा, चार पट्ट्या खालचा. बटणाची सोय आहे म्हणे!

"कधीपासून?"

"हळदीची तयारी सुरू केली तेव्हापासून," मान खाली. "आवाज लागला नाय की तू रडायचीस, ताई. मला बघवायचं नाय."

म्हणून मला येडी बनवायचं? नको नको ते बोलले त्याला.

७ फेब्रुवारी

नाही गाणार. रुपालीचे तीन मिस्ड कॉल.

९ फेब्रुवारी, सोमवार

कमलेश स्वतः आला. "बटणाला हात नाय लावत. सरळ पांढरी तीनवर बस. तिथे तुझा आवाज भरून लागतो, खरंच सांगतो."

बसले. आवाज लागतो, हे खरं. पण ठेका तोच, एकशे बत्तीसचा — खालच्या पट्टीत शब्द धावता धावता गिळले जातात. म्हटलं, लय उतरव. एकशे दहावर बरं वाटलं.

"ताई, हळद आहे, काकडआरती नाय! पब्लिक जेवायला उठून जाईल!"

"जाऊ दे," म्हटलं मी. तोंडाने! आमच्याकडे हळदीला कोणी नाचलं नाही तर वर्षभर तेच बोलतात. आणि नाचायच्या गाण्यावर कोणी नाचलंच नाही, तर माझं गाणं संपलं. मग परत माईक धरायचा नाही, ठरवून टाकलं.

१३ फेब्रुवारी

उद्या.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल काय झालं ते नीट लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

गाणं सुरू झालं. उड्या मारायला पुढे आलेली पोरं थांबली, एकमेकांकडे बघायला लागली. एकाने मोबाईल काढला. कमलेश माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे. पहिलं कडवं असंच गेलं — मेले मी!

दुसऱ्या कडव्याला मागून आवाज आला. खुर्च्यांवरच्या बायका गात होत्या! बायजाआजी — गावात कुणाचंही लग्न असो, विधीची गाणी, धवले, तीच म्हणते — ती मध्ये, आजूबाजूला दहा-बाराजणी. सात वर्षं हे गाणं गातेय, लोक नाचले, पण माझ्याबरोबर कोणी गायलं नव्हतं कधी.

मग त्या उठल्या. माझी आई गुडघे विसरून उठली. काकी रडत रडत नाचली. पोरं मागे आणि बाया पुढे! तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा माझाच आवाज मला ऐकू येईना, एवढ्या गात होत्या सगळ्या. खूप रडले, गाता गाता.

नंतर बायजाआजीला विचारलं, "आजपर्यंत का नाय गायलात?"

"लय वर होता गो तुजा सूर. आमचा आवाज पोचतंय कुठं तवरा?"

कमलेशची माफी मागितली. तो म्हणाला, "चल, जेवून घे."

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बायजाआजी दारात. चहासुद्धा घेतला नाही.

"माजा दम नाय पुरत आता. पुढच्या लग्नाला माज्या बाजूला बस. धवलं तुला देतंय."

मी लिहून घ्यायला वही काढली.

"ठेव ती. तोंडानं घे."