डब्यावरचं बटण

४ मार्च

प्रिय धाकटे,

खूप खूप आशीर्वाद. तुझं पत्र परवा पोचलं. तुझा गुडघा, तुझ्या नवऱ्याचा खोकला आणि तुमच्या वरच्या मजल्यावरचं ते रात्रभर किंचाळणारं बाळ, तिघांनाही एकदम आराम पडो. मी बरी आहे. कंबर सोडून सगळं बरं आहे, आणि कंबरेलाही बोल लावायला नको, कारण आमच्याकडे सध्या बांधाबांध चालू आहे.

हो, ठरलं एकदाचं. दुकान हलतंय. जागामालकाने आमची सगळी ओळ विकली. घड्याळवाला समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर गेला. आता त्याच्याकडे वेळ बघायलाही जिना चढावा लागतो. छत्रीवाला तर पार नदीपलीकडे गेला. आमच्यासकट तीन गाळ्यांच्या भिंती पाडून तिथे बुटांचं मोठं दालन येणार आहे. भाऊजींनी नव्या बाजारसंकुलात गाळा घेतलाय. तिथलं काचेचं दार माणूस जवळ आला की आपोआप उघडतं म्हणे. मी म्हटलं, "मग 'या, या' म्हणायला माझं काय काम?" भाऊजी हसले. फारसं नाही, पण हसले.

बटणांचे सगळे डबे मी माझ्या हाताने बांधले. भाऊजी म्हणत होते, माणसं लावू. म्हटलं, माणसं लावाल आणि शिंपल्याची बटणं लाकडी बटणांच्या शेजारी जाऊन बसतील, मग शोधत बसा वर्षभर. तुला आठवतंय ना, आमच्या प्रत्येक पुठ्ठ्याच्या डब्याच्या तोंडावर आतलं एकेक बटण शिवलेलं असतं? ह्यांचा नियम होता, डब्यावरचं बटण विकायचं नाही. डबा रिकामा झाला तरी नाही. मी नवी नवरी असताना एकदा एका बाईला अडलंय म्हणून काढून दिलं, तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. "ते बटण नाही, ती पाटी आहे," म्हणाले. हे जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी तो नियम मोडलेला नाही. सगळे डबे रंगाप्रमाणे लावून दोरीने बांधलेत. तिथे गेल्यावर नुसते उचलून फळीवर ठेवायचे.

भाऊजींकडे मी एकच गोष्ट मागितली आहे. गल्ल्याशेजारी एक खुर्ची. फिरती नको, मला गरगरतं. साधी, पाठ असलेली. आता दिवसभर उभं राहवत नाही ग. "होईल वहिनी," म्हणाले.

आईच्या कोटाचं एक बटण हरवलं म्हणून एवढं रडगाणं कशाला? त्याच कोटाची बटणं घ्यायला आई मला घेऊन या दुकानात आली होती. ह्यांनी डब्यांमागून डबे काढले, आईच्या काही पसंतीला उतरेना, आणि शेवटी बटणं घेऊन आई घरी गेली ती मला तिथेच ठेवून गेल्यासारखी. ती निळी, मागे शिवायची कडी असलेली बटणं अजून आहेत. डबा बांधून झालाय, नाहीतर आत्ताच पाठवलं असतं. नव्या दुकानात डबे सुटले की पहिलं बटण तुझं.

नवा पत्ता मागे लिहिला आहे. यापुढे पत्र तिथेच टाक. घरी टाकू नकोस. घरी आलेलं पत्र जाऊबाई आधी वाचतात आणि मग तुझा गुडघा कसा आहे ते त्या मला सांगतात.

तुझी,
ताई


२३ मार्च

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. घाईत लिहिते आहे.

उद्घाटन अगदी थाटात झालं. दाराला लावलेली फीत आपल्याच दुकानातली, गडद लाल साटीनची. मीच कापून दिली होती. गर्दी तर विचारू नकोस. भाऊजींनी नवा कोट घातला होता, त्यात ते सोबत पाठवलेल्या फोटोंत जरा अवघडलेले दिसतात. दुकानाची सगळी मांडणी पुतणीने केली आहे. तेच शिकली ना ती! दुकानाचं नाव मात्र जुनंच ठेवलं. जुन्या नावाची सध्या चलती आहे असं ती म्हणते.

मी सध्या जुन्या जागेवर असते. या गल्लीची ही रीतच आहे. दुकान हललं की घरातलं एक माणूस काही दिवस जुन्या दारात थांबायचं, म्हणजे गिऱ्हाईक चुकत नाही. नुसती पाटी लावून भागत नाही, लोक पाटी वाचतात आणि तरी विचारतात. मी एक स्टूल घेऊन बसते. "सरळ जा, औषधांच्या दुकानाशी उजवीकडे वळा, सरकत्या जिन्याने वर, घाबरू नका, तो आपला आपण नेतो." दिवसभर हेच. घसा बसतो, पण बरं वाटतं. कितीतरी जुनी माणसं भेटली. एकीने तर मला मिठीच मारली. तिला वाटलं होतं मी गेले.

भाऊजी म्हणाले होते पंधरा दिवस. आता म्हणतात, अजून थोडे दिवस थांबा वहिनी, तुमच्यासारखं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

तुझं बटण अजून काढलेलं नाही. डबे लागायचे आहेत. खुर्चीचं विचारलंस. आहे की, छान आहे.

तुझी,
ताई


१९ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं पत्र नव्या दुकानातून पुतणीने घरी आणून दिलं. तू विचारतेस, उद्घाटनाला मी कुठलं पातळ नेसले होते. मी फोटोत कुठेच कशी नाही, हेही तू विचारतेस. तू लहानपणापासून अशीच. नेमकं दुखतं तिथे बोट ठेवतेस.

मी गेले नव्हते. मागच्या पत्रात तुला थापा मारल्या. फोटो पाहून आणि घरातलं बोलणं ऐकून लिहिलं होतं सगळं. त्या दिवशीही मी जुन्या दारातच स्टुलावर होते. "एवढ्या गर्दीच्या दिवशीच लोक जास्त चुकणार, वहिनी," भाऊजी म्हणाले, आणि मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मी पटवून घेतलं. एकदा दुकान नीट लागू दे, मग सावकाश जाईन, आपल्या खुर्चीत बसेन, असं मनाशी म्हणत राहिले.

मग एक दिवस मास्तर आले. आमचे सगळ्यांत जुने गिऱ्हाईक, कोट शिवतात. त्यांचा पाय अधू आहे. सकाळी मीच त्यांना रस्ता समजावून पाठवलं होतं. दुपारी ते काठी टेकत परत आले ते लालबुंद होऊन.

"बाई, माझी थट्टा करता का?"

"काय झालं मास्तर? सापडलं नाही?"

"सापडलं ना! नाव तेच आहे. आत वासाच्या मेणबत्त्या विकतात. आणि कागदाची फुलं. मी बटण मागितलं तर ती पोरगी म्हणते, भेट द्यायची आहे का, खोक्यात घालून देऊ?"

मी त्यांना म्हटलं, तुम्ही दुसऱ्याच दुकानात शिरलात. धाकटे, मी त्या माणसाशी भांडले. त्यांना म्हातारपणाचं दिसत नाही इथपर्यंत बोलले. ते बिचारे निघून गेले, आणि मग मला एकेक आठवायला लागलं. त्या सबंध महिन्यात माझ्याकडून तिकडे गेलेलं एकही माणूस हातात पुडी घेऊन परत जाताना मी पाहिलं नव्हतं. दोघीतिघी परत येऊन माझ्याकडे बघत पुढे गेल्या होत्या. मी हात केला, त्यांनी केला नाही. मला वाटलं, ओळखलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तिकडे गेले. दार खरंच आपोआप उघडतं. आत इतका वास की डोकं भणभणलं. आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर आमचे डबे होते, धाकटे. सगळेच्या सगळे. वरपासून खालपर्यंत भिंत भरून, वर छान पिवळे दिवे सोडलेले. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं मास्तरांना खरंच दिसत नाही. रंगांची सगळी सरमिसळ केली होती, पण म्हटलं ते मी एका दुपारीत नीट लावीन. निळा डबा हाताच्या उंचीवरच होता. वर ते आईच्या कोटाचं बटण. दोन मुली एकमेकींचे फोटो काढत होत्या, त्यांना जरा सरकायला सांगितलं आणि डबा ओढला.

हातात नुसता पुठ्ठा आला. डब्याचं तोंड तेवढं कापून भिंतीला चिकटवलेलं. त्यामागे काही नाही, भिंत.

गल्ल्यावरची पोरगी ओरडली, "आजी, हात नका लावू, ते डेकोरेशन आहे!" एवढ्यात पुतणी आतून आली. मला बघून ती रडायलाच लागली. "मोठ्या काकू, मी तुम्हाला आधी दाखवणार होते, बाबा नको म्हणाले." तिने किती मेहनतीने ती भिंत सजवली ते ती मला सांगत होती आणि रडत होती. तिला खरंच वाटतं की हा तिने काकांचा मान ठेवला. तिच्यावर काय रागवायचं? मीच तिचे डोळे पुसले.

भाऊजी आले. मला बाहेरच्या बाकावर घेऊन गेले. मग म्हणाले, "वहिनी, बटणं आता कोण घेतं? शर्टाचं बटण तुटलं तर लोक शर्ट टाकतात. तिथलं भाडं बटणांवर निघालं नसतं."

"मग मला तसं का नाही सांगितलंत?"

"जमलं नाही."

"म्हणून दारात बसवलंत?"

त्यांनी मान खाली घातली. "तुम्ही खूश होतात तिथे. रोज घरी येऊन सांगायचात आज कोण कोण भेटलं. म्हटलं, अजून थोडे दिवस."

बटणं कुठे आहेत, विचारलं. वजनावर दिली. सगळी एकत्र, पोत्यांत भरून. मी दोरीने बांधून दिलेले डबे पोत्यांत उलटे केले.

भाऊजी वाईट नाहीत ग. ह्यांच्यामागे त्यांनी मला कधी वाऱ्यावर सोडलं नाही, घरात माझं ताट आधी वाढलं जातं. म्हणून तर भांडायलाही काही हाती लागत नाही. आणि त्यांचं चुकलंय असंही मला म्हणवत नाही. मेणबत्त्या खपतात. मी डोळ्यांनी पाहिलं. बाकावर बसलो होतो तेवढ्यात किती पिशव्या बाहेर पडल्या. तिथे खुर्चीला जागाच नाही, मी बघितलं सगळीकडे. जागा असती तरी तिथे बसून मी काय विकणार होते?

बुटांचं दालन मागच्या आठवड्यात उघडलं. फुगे, मोठमोठ्याने गाणी, दारात माणसांची रांग. मी सवयीने गेले होते. रखवालदार म्हणाला, "आजी, दारातून बाजूला व्हा." बरोबरच आहे त्याचं. मी स्टूल उचललं. तेवढ्यात एक बाई, कडेवर मूल, हातात छोटासा स्वेटर, मला विचारते, "इथले बटणवाले कुठे गेले हो?" माझं तोंड आपोआप उघडलं, सरळ जा म्हणायला. मग म्हटलं, "बंद झालं." तोपर्यंत मी कुणालाच तसं म्हटलं नव्हतं. ती "अरेरे" म्हणाली आणि गेली. स्टूल मी तिथेच भिंतीशी ठेवून आले. परवा पाहिलं तर कुणी नेलंही होतं.

आता मी घरी असते. सकाळी लवकर आवरून होतं, मग दिवस उरतो. पुतणी म्हणते, खोकी बांधायला या ना काकू, तुमच्या गाठी किती सुंदर असतात. मी हो म्हणते, आणि आम्हा दोघींना कळतं की मी जाणार नाही. तू ये म्हणतेस, पण तुमच्या दोन खोल्यांत तुझा नवरा खोकणार, वरून ते बाळ रडणार आणि मधे मी काय करणार? तिथेही मी रिकामीच असेन, फक्त तुला ते रोज दिसेल. आग्रह करू नकोस.

तुझं बटण या पाकिटात घातलं आहे. तो पुठ्ठा माझ्या हातातच राहिला होता, कुणी परत मागितला नाही. ह्यांचा नियम मी दुसऱ्यांदा मोडला, पण आता बोलणं टाकायला हे नाहीत. घरी येऊन नखाने बटण सोडवलं, तेव्हा दिसलं की मागची कडी पक्कडीने कापून टाकली आहे. पुठ्ठ्यावर सपाट चिकटावं म्हणून. समोरून अगदी आईच्या कोटाचं आहे, निळं, कडेला बारीक रेघ. पण शिवता येणार नाही. खूप विचार केला, कशानेच येणार नाही. दुसरं कुठे शोधू नकोस, मिळायचं नाही. कोट तसाच घाल.

उत्तर घरच्या पत्त्यावर पाठव. जाऊबाईंनी आधी वाचलं तरी चालेल.

तुझी,
ताई