करकच्या किल्ल्यातलं लग्न

रहिमा,

सलाम. मी बरा हाय, पाय तेवढे सुजतात. जॉर्डनच्या या हॉटेलात परक्यांच्या लग्नाचं शिजवतोय आणि आपल्या फिझाच्या निकाहला रजा नाय. तू रडू नको गं. तू रडत बसलीस तर लग्नाच्या जेवणाची मोठी देग चुलीवर कोण चढवणार?

समोर करकचा किल्ला हाय. शेकडो वर्षांपूर्वी आत ख्रिस्ती लोकांचं लग्न होतं आणि बाहेर सुलतान सलाहुद्दीनचा वेढा. नवऱ्याच्या आईने सुलतानाला लग्नाचं जेवण पाठवलं. मग नवरानवरीचा बुरुज तेवढा सोडून त्याने दगड मारले म्हणे.

माझ्या धाकट्या भावाने, सुफियानने आपल्या अंगणात कुंपण सरकवलं, म्हणून त्याला बोलवू नको असं मीच बोललेलो. आता पहिलं ताट त्याच्याकडेच पाठव. भांडण मिटलं असं सांगू नको, ते मी आल्यावर बघतो. बाप नाय तर चाचा तरी फिझाजवळ उभा राहू दे.

तुझा,
अब्दुल