निळी निशाणी

स्वीडन, १२ नोव्हेंबर

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. तू पाठवलेलं सुकं दही पोचलं. गान्तुल्गाने एकट्याने फस्त केलं, वर म्हणतो, "सासूबाई हात आखडतात हं!" मेंढ्या हिवाळी तळावर पोचल्या का?

अनुजिन बरी आहे. परवा बालकल्याण खात्याच्या ऑफिसात भेटली. दारापाशी एक बाई सगळं लिहून घेत होती. पोर मला नावाने हाक मारते. 'आई' ती सांभाळणाऱ्या बाईला म्हणते. असो.

केसचं विचारलंस. पाळणाघरातल्या बाईने लंगोट बदलताना कमरेवरचा निळा डाग मारल्याचा वळ समजून तक्रार केली आणि खात्याने पोर उचलून दुसऱ्या घरी ठेवली, तेव्हापासून अडकलोय. डॉक्टरनेही वळच लिहिला. अगं, आपल्या लोकांत जन्मतःच कुणाला नसतो तो! म्हणूनच तर तिच्या जन्माच्या कागदावर कुणी लिहिला नाही. फोटोत ती कायम दुपट्यात गुंडाळलेली.

आमच्या वकील हेडविगबाईंनी लगेच अर्ज केला, जाणकार डॉक्टरकडून पुन्हा तपासा. वळ पंधरा दिवसांत पिवळा पडून जातो, हा इतक्यात जायचा नाही. पण तारीख पुढे पुढे ढकलली गेली, पोर मोठी झाली आणि डाग विरला. वयाने विरतोच मेला. "बघा," ते म्हणाले, "आमच्याकडे आल्यावर जखम भरली." मला हसूच फुटलं. तेही त्यांनी लिहून घेतलं.

आता शेवटचं अपील. हरलो तर अनुजिन त्यांचीच.

आई, तुला सांगितलं नव्हतं. मी पोटुशी आहे, जानेवारीत दिवस भरतात. तू म्हणशील, तडक इकडे निघून ये. गान्तुल्गाही तेच म्हणतो, "एक गेलं, दुसरं तरी वाचव." पण हेडविगबाई म्हणाल्या, "इथल्या हॉस्पिटलात बाळंत हो. बाळाला तोच डाग असला तर सुईण जन्मतःच नोंदवेल, तो कागद अनुजिनच्या अपिलात लावू. तेव्हा कुणी मारलं म्हणणार?"

"आणि डाग नसला तर?" मी विचारलं. त्या फाईल चाळू लागल्या.

"असला, आणि तरी बाळ नेलं तर?"

त्यांनी फाईल मिटली. मला रडू आवरेना.

मी येत नाही, आई. इथेच बाळंत होणार. मला फार भीती वाटते. रोज सकाळी आकाशाला दूध शिंपडतेस, तेव्हा बाळ धडधाकट असू दे एवढंच मागू नकोस. त्याच्या कमरेवर डाग असू दे, चांगला गडद, असं माग.

तोच डाग घेऊन तुझ्या पोटी जन्मलेली,
ओयुन्चिमेग