पिना मारलेली पानं

बाबा, आज दुबईत ऊद मेथाला शंभरेक मराठी माणसांसमोर मी तुमचं हसं केलं, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली तर झाली. ऐका.

रुवैसला रिफायनरीच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर. मुंबईच्या सुट्टीतून मी कादंबऱ्या घेऊन येते आणि त्या आधी तुमच्याकडे जातात. जेवणाच्या टेबलावर तुम्ही ऑफिसातला स्टेपलर घेऊन बसता. जिथे कुणी कुणाचा हात धरला, कुणी घर सोडून निघून गेलं, ती पानं एकमेकांना जोडून टाकता. खटाक, खटाक. मग पुस्तक माझ्या हातात: "घे, आता वाचण्यालायक झालं." दहावीत असताना मी चिमट्याने पिना उपसताना सापडले. तुम्ही ओरडला नाहीत. पाहुण्यांसमोर म्हणालात, "आमच्या बाईसाहेब नायिका होणार आहेत. वाचून वाचून डोकं फिरलंय. खलास!" सगळे हसले. मला साहित्य शिकायचं होतं. तुम्ही कॉमर्सचा फॉर्म सहीसकट तयार ठेवला होता. त्या हसण्याचा सूड मला घ्यायचाच होता, आणि संधी मिळाली ती कुठून, तर इस्तंबूलहून.

ऑफिसातल्या तुर्की मैत्रिणीने त्यांच्याकडच्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्या मला इंग्रजीतून वाचायला दिल्या. काय सांगू बाबा, पानोपानी तुम्हीच! पोरगी प्रेमकथा वाचते, खिडकीशी बसून उसासे टाकते आणि शेवटच्या प्रकरणात खोकून खोकून मरते. तरुण फ्रेंच पुस्तकं अर्धवट वाचतो, त्यातली वाक्यं उचलून भलतीलाच प्रेमपत्र लिहितो आणि गावभर शोभा होते. वाचलंत की वाया गेलात! आणि हे बजावायला लेखक महाशय लिहितात काय? कादंबरीच. आज मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी या वाचणाऱ्या पात्रांवर बोलले आणि शेवटी म्हणाले, "आमच्या घरीही असे एक गृहस्थ होते. मुलीने वाचू नये म्हणून ते प्रत्येक कादंबरी आधी स्वतः शब्दन् शब्द वाचायचे. पिन कुठे मारायची हे कळायला दुसरा इलाजच नव्हता." असा हशा पिकला म्हणता! मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग चहाच्या वेळी ते काका आले, प्लँटच्या बसमध्ये तुमच्या शेजारी बसायचे ते. आता शारजाला मुलाकडे असतात. मला वाटलं, मित्राची बाजू घेऊन भांडणार. तर हसून हसून डोळे पुसत म्हणाले, "अगं, ती पिना मारलेली पानं तो आम्हाला बसमध्ये सांगायचा! हिंदीतून, सगळ्या बसला. नायिकेचा आवाज काढून. गेट आलं तरी कुणी उतरायचं नाही, ड्रायव्हर ओरडायचा, यल्ला, यल्ला, चला उतरा!"

नायिकेचा आवाज? तुम्ही? घरात मुलगी त्या पानांसाठी तडफडत होती आणि तुम्ही ती केरळच्या, पंजाबच्या माणसांना रंगवून सांगत होता? मेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला आज कळलं. पुस्तकांना पिना मारल्यात ते एक वेळ ठीक. पण तुम्हाला ती आवडायची, हे माझ्यापासून लपवलंत! त्या घरात आपण दोघंच वाचणारे होतो, बाबा. काका म्हणाले, "मला अजून दोन-तीन गोष्टी आख्ख्या आठवतात. ये घरी, सांगतो." मी फटकन म्हटलं, "मला वेळ नाही." त्यांचा काय दोष, तुमचा राग त्यांच्यावर निघाला. अजमानला घरी परतताना गाडीत लेक विचारत होती, "मम्मा, व्हाय आर यू सो अँग्री? आजोबा साउंड्स फन." तिलाही गप्प बसवलं.

माफ केलेलं नाही, करणारही नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट तुम्हाला मुळीच कळू द्यायची नाही: घरी आल्या आल्या मी काकांना फोन केला, आणि शनिवारी येते म्हणून सांगितलं.