जर्मन पाहुणीच्या ताटातलं तूप

आई, कॉव्हेंट्रीच्या आपल्या घरी ती जर्मन बाई जेवायला आली होती, तो रविवार सारखा आठवतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि जर्मनीनं एकमेकांची शहरं जाळली, म्हणून आता शहरांची जोडी लावायची आणि एकमेकांचे पाहुणे घरी उतरवून घ्यायचे, अशी इथल्या कौन्सिलची पद्धत. मी कमिटीत हौसेनं नाव दिलं होतं. शाळा अर्धवट सुटलेला मी. इतिहास लायब्ररीत बसून आपला आपण शिकलो, आणि ते चारचौघांना कळलंच पाहिजे असं वाटायचं. टेबलासाठी दोन्ही देशांचे कागदी झेंडे केले. तू म्हणालीस, "पिवळा छान उठलाय." मी म्हणालो, "पिवळा नाही, सोनेरी म्हणतात त्याला." "बरं बाबा, सोनेरी. आता उचल ते, कोशिंबिरीला जागा दे."

ती पुरणपोळीचा घास घेते आणि डोळे मिटते. तू खूश. मग मोडक्या इंग्लिशमध्ये ती सांगते, की लहानपणी तिचंही शहर जळलं, धाकटी बहीण तळघरात राहिली ती राहिलीच. आणि मी तिला क्रम समजावायला लागतो. आधी बॉम्ब कुणी टाकले, आमचं कॅथीड्रल कधी जळलं, तुमची पाळी कधी आली. 'आमचं' म्हणतो मी; आपण इथं आलो तेव्हा युद्ध संपून वीस वर्षं होऊन गेली होती. तिचा हात ताटातच थांबला. तुला इंग्लिश जेमतेम, पण माझा तो आवाज तुला पाठ होता. "गप बस," तू कडाडलीस. "पानावर बसलेल्या माणसाला असं बोलतात? तुझं कोण मेलं होतं रे त्या आगीत? माफी माग तिची."

"आई काय म्हणतायत?" तिनं मला विचारलं. माफीचं इंग्लिश मला येत नव्हतं असं नाही. मी म्हणालो, "आणखी तूप हवंय का, विचारतेय." तिनं लगेच ताट पुढं केलं. तुला वाटलं, मी माफी मागितली आणि तिनं ती घेतली. तिच्या पोळीवर तूप सोडता सोडता तू माझ्याकडे बघून मान डोलावलीस. शाबासकीची.

तू गेल्यावर कमिटीबरोबर मी तिच्या शहरी गेलो. समारंभात ब्रिटिश झेंडा उलटा लावला होता, तो मीच काढून सरळ करायला लावला. संध्याकाळी तिच्या घरी कॉफी. तुझी चौकशी झाली. मग म्हणाली, "खरं सांगा, त्या दिवशी आई तुपाचंच विचारत होत्या? इतक्या रागावून?" मी म्हणालो, "आमच्यात आग्रह असाच करतात." ती खळखळून हसली, आणि केकचा दुसरा तुकडा माझ्या बशीत टाकताना तुझ्यासारखं डोळे वटारून जर्मनमधून ओरडली. मी खाल्ला.

ती अजून आहे. नाताळला कार्ड येतं, तिचा पत्ता मला पोस्टकोडसकट पाठ आहे. तरी हे तिला न लिहिता तुला लिहितोय. तुझं उत्तर यायचं नाही, म्हणूनच.