मनकर्णाबाईंनी न घेतलेली पावती

मी, अ‍ॅड. विशाखा धर्मपाल तायडे, वय ५३, धंदा वकिली, राहणार जठारपेठ, अकोला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. दडपण कोणाचेही नाही. यजमान नोकरीनिमित्त अमरावतीला असतात. येत्या सोमवारी माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ काम आहे. आम्हीही अशिलांना असेच सांगतो, म्हणून लिहून ठेवते.

१. आधी जे माझे नाही ते. बँकेतल्या 'अशील खात्या'तला एक रुपयाही माझ्या वारसांचा नाही. ते पासबुक पाहून चिरंजीव अंकुर यांनी नव्या गाडीचा रंग ठरवू नये.

२. त्यातले चार लाख साठ हजार अकोटच्या मनकर्णाबाईंचे. अंजनगाव सुर्जीच्या भावांशी तडजोड होऊन वडिलांच्या शेतातला हिस्सा त्यांना पैशात मिळाला. त्यांना पिठाची गिरणी टाकायची आहे. जागा मिळेपर्यंत पैसे माझ्याकडे. तीन वर्षे झाली, बाई पावती घेत नाहीत. मी फाडली की त्यांचा हात पदराखाली. "कागद कावून देता वकीलबाई? पावती घेतली तं तुमच्यावर भरवसा नाई असं होते. मी काय किराणा न्याले आलो?" उद्या मी गेले तर त्यांच्या हाती कागदाचा कपटाही नाही. माझी खरी काळजी ही, खडे नव्हेत.

३. ऑफिस, पुस्तके आणि अशिलांची खातेवही माझी ज्युनिअर आकांक्षा हिला. अट एकच: फीचा पैसा आणि अशिलाचा पैसा एकत्र करायचा नाही. "मॅडम, फक्त संध्याकाळपर्यंत?" असे तिने एकदा विचारले होते. उत्तर तेच आहे.

४. अमरावतीत ज्यांच्या हाताखाली मी शिकले, त्या वकीलसाहेबांना माझा काळा कोट. अशिलाचे पैसे, स्वतःचे पैसे आणि सुपारी ते एकाच खिशात ठेवत. या कोटाला दोन खिसे आहेत. नाव लिहीत नाही. मेल्यावर माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा चालणार नाही, पण सोमवार अजून यायचा आहे.

५. मुन्शी पुंजाराम यांना माझी स्कूटर आणि ऑफिसचे घड्याळ. एकोणीस वर्षे ते घड्याळ गुपचूप दहा मिनिटे पुढे ठेवून त्यांनी मला कोर्टात वेळेवर पोचवले. मला ठाऊक होते, पुंजारामजी.

६. घर, दागिने व माझी स्वतःची बचत यजमान आणि अंकुर यांना निम्मी-निम्मी. भांडल्यास फी आकांक्षा घेईल.

साक्षीदार:
१. शेषराव, शेजारचे स्टॅम्पवाले (सही)
२. मनकर्णाबाई, अकोट (अंगठा). यांना मी काहीच देत नाही, त्यांचे त्यांनाच आहे. म्हणून साक्षीला चालतात.

टीप: अंगठा देऊन मनकर्णाबाई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "वकीलबाई, माया अंगठा तुमी ठेवून घेतला. त्याची पावती?"

पुंजारामजी पावतीपुस्तक आणेपर्यंत मी पेनचे टोपण काढून बसले. पावती क्र. २१४ वर लिहिले: साक्षीपोटी अंगठा एक, मिळाला. खालच्या ओळीत: रुपये चार लाख साठ हजार, अशील खात्यात जमा. दोन्ही ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या. बाई खो-खो हसल्या.

"लय लबाड हा तुमी!"

आणि पावतीची घडी कमरेच्या पिशवीत गेली. नीट ठेवली का बघू, म्हटले, तर पिशवीवर हात.

"माया कागद आहे. तुमाले कावून दाखवू?"

सबब कलम २ मधली काळजी रद्द. बाकी मृत्युपत्र कायम.

अकोला, १२ फेब्रुवारी २०२५
(सही) विशाखा धर्मपाल तायडे